दार नाहीसं करायचा रंग

आमच्या नाटक कंपनीत पेंटर अडतीस वर्षं होते, आणि त्या अडतीस वर्षांत त्यांनी एकही नाटक पाहिलं नाही. पडदे पाहिले. नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला ते शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभे राहायचे. पुढे आम्ही जीव तोडून रडत असायचो, मरत असायचो, आणि ह्यांची नजर आमच्या डोक्यावरून मागच्या राजवाड्यावर. प्रयोग संपला की आम्ही तोंडावरचा रंग पुसत विचारायचो, "पेंटर, कसं झालं?" ते जरा विचार करून म्हणायचे, "डावा खांब दोन बोटं ओला वाटतोय."

संपली समीक्षा.

जंगल, तुरुंग, महाल, सगळंच ते उत्तम रंगवायचे, पण त्यांचा हात खरा बसला होता दारावर. सपाट कापडावर ते असं दार काढायचे की चौकट चार बोटं पुढे आलेली दिसायची. एका बाजूला उजेडाची बारीक रेघ, दुसऱ्या बाजूला सावलीची जाड. एकदा एक नवा नट रागारागाने निघून जाण्याच्या प्रसंगात खऱ्या विंगेकडे न जाता थेट त्या रंगवलेल्या दारावर जाऊन आपटला. नाकाला रंग, पडद्याला पोक, प्रेक्षक लोटपोट. मालक पेंटरवर भडकले. पेंटर म्हणाले, "दार रंगवणं माझं काम. ते उघडेल असं मी कुणाला सांगितलं नव्हतं."

त्यांच्या वाटणीचं बोलणं वहिनी बोलायच्या. वहिनी म्हणजे पेंटरच्या बायको, आमचा कपडेपट त्याच सांभाळायच्या. तोंडात टाचण्या धरूनही त्यांचं तोंड चालू असे. "ह्यांना मी दिसायची असेन तर पडद्यासमोर उभं राहावं लागतं," त्या म्हणायच्या, "आणि तिथे उभी राहिले की म्हणतात, जरा बाजूला हो." आम्ही हसायचो. पेंटरही ओठांच्या एका कोपऱ्याने हसायचे.

पुढे कंपनी बंद पडली. माणसं पांगली. मी आणि ते दोघं, एवढेच एका भागात राहिलो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. येणं-जाणं कमी होत गेलं, म्हातारपणी होतं तसं. वहिनी विसरायला लागल्यात हे कानावर होतं. मी एकदा जाऊन आले, त्यांनी मला ओळखलं नाही, आणि मग मी जायचं टाळलं. खोटं कशाला बोलू?

एका सकाळी पेंटर माझ्या दारात उभे. आत यायला तयार नाहीत.

"बाई, एक तास आहे का? रंग घ्यायचाय. डोळे हवेत."

त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता, दुसऱ्याचा राहिला होता. "उजव्या डोळ्याला दूध दिसतं," ते म्हणाले, "डाव्याला चहा. कप एकच."

"मग दुसऱ्याचंही करून घ्या आणि मग घ्या रंग. घाई कसली?"

"पंधरा दिवस आहेत."

"कशाला?"

"दार नाहीसं करायला."

दुकानापर्यंतच्या वाटेवर त्यांनी सगळं सांगितलं. कपड्यांची यादी वाचावी तसं सांगितलं. वहिनी घरातून निघून जातात. नेहमी संध्याकाळी, पाच-साडेपाचला. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने परत आणल्या. दुसऱ्यांदा बस डेपोत सापडल्या, रांगेत उभ्या होत्या, नंबर आल्यावर मागच्याला पुढे सोडायच्या. तिसऱ्यांदा मोठ्या पुलाच्या टोकाला, दोन रस्त्यांच्या मधल्या कठड्यावर, चपला मांडीवर घेऊन बसलेल्या. एका ट्रकवाल्याने गळ्यातलं कार्ड वाचून फोन केला.

"कुठे निघाल्या होत्या?"

"विचारलं मी. म्हणाली, बोलावलंय. कोणी? तर म्हणे, ते तिथे गेल्यावर कळेल."

"आणि कुलूप?"

"लावलं. तळव्यांनी दार बडवत राहते. हात सुजले. दार दिसेल तोवर बडवणार."

मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. तो वाईट नाही, हे पेंटरनी दोनदा सांगितलं. त्याने एक संस्था बघून ठेवली होती. स्वच्छ, कुंपण असलेली, नर्स असलेली. तिथे एक खाट पंधरा दिवस धरून ठेवली होती. 'बाबा, अजून एकदा जरी आई एकटी रस्त्यावर गेली तर मी तिला नेणार. एक संध्याकाळ मी स्वतः येऊन बसेन, बघेन, आणि ठरवेन.' दवाखान्यातल्या नर्सने पेंटरना कधीतरी सांगितलं होतं की अशा माणसांना दार दिसलं की जावंसं वाटतं. काही ठिकाणी दार भिंतीच्याच रंगाने रंगवून टाकतात, मग ती माणसं तिकडे जात नाहीत.

"पेंटर, तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

"ती घरात हवी."

टर्पेंटाइनच्या दोन बाटल्या हव्यात, असं सांगावं त्या आवाजात.

रंगाच्या दुकानातला मालक तरुण होता, बोलका होता. त्याने शेडकार्ड पंख्यासारखं उलगडलं. "काका, हल्ली चौकटीला पांढरा चालतोय. नाहीतर भिंतीपेक्षा चार शेड गडद. चौकट कशी उठून दिसली पाहिजे."

"मला ती बुजायला हवी."

"म्हणजे?"

पेंटरनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत नखाएवढा पोपडा, घरातल्या भिंतीचा. "हा रंग. दाराला, चौकटीला, चौकटीभोवतीच्या पट्टीला. आणि चमक नको."

"अहो काका, लाकडाला ऑइल पेंट लावा, चकाचक. हा भिंतीचा बिनचमकीचा रंग लाकडावर वर्षभर टिकणार नाही."

"वर्षाचं वर्षाने बघू. चमक असली की चोरी पकडली जाते."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "काढून दे बाबा, त्यांना कळतं." त्याने पोपडा मशीनखाली धरला, आकडे आले, रंग घुसळून निघाला. पेंटरनी तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावला आणि केस वाळवायचं मशीन मागितलं.

"ते कशाला?"

"ओला रंग खोटं बोलतो."

मशीन मिळालं शेजारच्या केशकर्तनालयातून. पुठ्ठा वाळला तसा रंग एक पायरी खाली उतरला. मग थोडा पांढरा घालून दुसरा तुकडा, कणभर काळा घालून तिसरा. पेंटरनी उजवा डोळा झाकून पाहिलं, मग डावा. तिन्ही तुकडे माझ्या हातात दिले.

"बाई, आता तुम्ही. उन्हात बघा, सावलीत बघा. घाई करू नका. दार दिसलं तर ती जाणार."

दारू प्यायलेल्या नायकापासून पडलेल्या पडद्यापर्यंत रंगमंचावर मी बरंच काही सावरलेलं आहे. पण एवढ्याशा पोपड्यापुढे मी अडले. पांढऱ्याचे इतके प्रकार असतात हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. मी दुकानाबाहेर गेले, छपराखाली उभी राहिले, उन्हात आले, पुन्हा आत आले. शेवटी मधला तुकडा दिला. पेंटरनी वर न बघता मान डोलवली.

"आणि एक डबा लाल. गडद. स्वयंपाकघराच्या आणि मोरीच्या चौकटीला. त्या तिला सापडायला हव्यात. लाल माझा मी निवडतो, तो दोन्ही डोळ्यांना लालच दिसतो."

"स्वयंपाकघराला लाल चौकट?" दुकानदार हसला. "घर आहे का थिएटर, काका?"

"बघू," पेंटर म्हणाले.

चार दिवस काम चाललं. मी रोज जाऊन वहिनींजवळ आतल्या खोलीत बसायचे. त्यांच्यापुढे कपड्यांचा ढीग ठेवला की त्या शांत असायच्या. शिवण उलटून बघायच्या, दोरा ओढून बघायच्या. बाहेरून लाकूड घासल्याचा आवाज यायचा.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

"पेंटर."

"माणूस कामाचा दिसतो. बोलत नाही, ते बरं आहे." मग माझ्याकडे झुकून, हळूच, "आमचे हे पण अस्सेच. घुमे."

हे मी पेंटरना सांगितलं. वाटलं होतं त्यांना हसू येईल, नाहीतर निदान काहीतरी येईल. ते म्हणाले, "तिने मला ओळखलंय की नाही, कळायला मार्गच नसतो. नवऱ्यालाही 'अहो' म्हणते, रस्त्यावरच्या माणसालाही 'अहो'च. पूर्वीसारखंच वाटतं." आणि कुंचला बुडवला.

काम मात्र असं केलं की मी थक्क झाले. जुन्या ऑइल पेंटची चमक घासून मारली. दारावरच्या नक्षीच्या खाचा लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून फळी सपाट केली. बाहेर डोकावायचं भोक बुजवलं. मूठ काढली आणि बोटभर जागेत मावेल अशी कडी बसवली, तिलाही तोच रंग. भिंतीच्या पायथ्याशी जी तपकिरी पट्टी फिरते ती दारापाशी तुटायची. पेंटरनी ती दाराच्या तळावरून ओढून पलीकडच्या पट्टीला नेऊन मिळवली. मग खरं कसब. गॅलरीतून डावीकडून उजेड यायचा, त्यामुळे चौकटीची डावी कड उजळायची आणि उजवीकडे सावली पडायची. त्यांनी उजळ कड किंचित मळवली, सावलीची बाजू किंचित उजळ केली. जन्मभर सपाट कापडातून दार वर काढलं, आता खरं दार भिंतीत घालत होते.

मी मधेच विचारून बसले, "वहिनींना फसवतोय, असं नाही वाटत?"

कुंचला थांबला नाही. "प्रेक्षक तिकीट काढून फसतो. हिने तिकीट काढलेलं नाही. तेवढा फरक आहे."

चौथ्या दिवशी दुपारी रंगाचा दुसरा हात वाळला. मी खोलीच्या मध्यावर उभी राहिले आणि, देवाशप्पथ सांगते, मला दार दिसेना. लाल चौकटीतलं स्वयंपाकघर दिसत होतं, मोरी दिसत होती. पण ज्या दारातून मी चार दिवस ये-जा केली होती तिथे नुसती भिंत. मी टाळ्या वाजवल्या. सवय. पेंटर कुंचले धुवायला गेले.

पाच वाजता ऊन फिरलं.

आम्हा नाटकवाल्यांचा दिवा एका जागी बसवलेला असतो. पेंटरनी अडतीस वर्षं त्याच हिशेबाने सावल्या रंगवल्या, आणि घरातही तेच केलं. सूर्य हलतो, ही गोष्ट त्यांच्या कामात कधी आलीच नव्हती. दुपारभर डावीकडून येणारा उजेड पाचला मावळतीच्या खिडकीतून, उजवीकडून आत घुसला. मळवलेली कड काळी झाली, उजळवलेली चमकायला लागली, आणि भिंतीतून दार वर आलं. खरं होतं त्याहून दुप्पट. एखाद्या महालाचं असावं तसं.

वहिनी आतून आल्या. थबकल्या. चेहरा उजळला.

"अगंबाई, किती सुरेख दार!" त्या म्हणाल्या, आणि सरळ जाऊन बोटाने कडी शोधून, उघडून, बाहेर पडल्या.

मी हाक मारेपर्यंत त्या जिना उतरायला लागल्या होत्या. पेंटर ओले हात घेऊन धावले, गुडघे असे असताना धावले. पहिल्या मजल्याच्या वळणावर गाठलं. मी वरून बघत होते. पेंटरनी हात धरला नाही, पुढे जाऊन एक पायरी खाली उभे राहिले.

"अहो, वाट सोडा," वहिनी म्हणाल्या. "मला उशीर होतोय."

"आज नाही," पेंटर म्हणाले. "आज सुट्टी आहे."

"कोणी सांगितलं?"

"मालकांनी."

वहिनींनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मला कोणी कळवत नाही," असं पुटपुटत वळल्या आणि वर आल्या.

त्या रात्री पेंटरनी मुलाला फोन करून स्वतःहून सांगितलं. "आज गेली होती. रस्त्यावर नाही, जिन्यात. वळणापर्यंत." पलीकडे मुलाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रविवारी येतो, बाबा."

मी म्हटलं, "सांगितलं नसतं तर चाललं नसतं का?"

"विचारलं असतं त्याने."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर मावळतीच्या खिडकीवर जाड काळं कापड ठोकलेलं. गॅलरीच्या दारावरही तसंच. डाव्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या वर दोन हात, एकच दिवा. खोलीत सकाळचे अकरा आणि संध्याकाळचे सहा एकसारखे झाले. पेंटर दिव्याचं तोंड बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवत होते. एका जागी दार विरघळलं. तिथे त्यांनी खिळा मारून दिवा पक्का केला.

"आणि वारा? ऊन?"

"चारनंतरच लावणार. सकाळी काढतो," ते म्हणाले. पण मी गेले तेव्हा सकाळच होती.

रविवारी मुलगा आला. मोठ्या पदावरचा माणूस, पण बापाच्या घरात चप्पल कुठे काढावी ते त्याला कळेना. आईजवळ बसला. "आई, ओळखलंस का?" वहिनी म्हणाल्या, "हो, ओळखलं की. बसा." त्याने माझ्याकडे बघितलं, मी चहाकडे.

पाच वाजले. मी, मुलगा आणि पेंटर तिघं भिंतीला टेकून बसलो होतो. एकाही प्रयोगाला मी इतका वेळ हालचाल न करता बसलेली नाही. साडेपाचला वहिनी उठल्या. पदर नीट केला. भिंतीवर तळवा टेकवून चालायला लागल्या. तळवा भिंतीवरून चौकटीच्या पट्टीवर चढला, दारावरून गेला, कडीवरून गेला, पलीकडच्या पट्टीवरून उतरला. हाताला सगळं कळलं असणार. पण डोळ्यांना भिंत दिसत होती, आणि त्यांनी डोळ्यांचं ऐकलं. तशाच पुढे गेल्या, लाल चौकटीतून स्वयंपाकघरात शिरल्या, पाणी प्यायल्या, आणि परत येऊन बसल्या.

साडेसहापर्यंत त्या तीनदा उठल्या. तिन्ही वेळा तेच.

मुलाने बाहेर जाऊन फोन केला. परत आला तेव्हा डोळे पुसलेले होते. "बाबा, खाट सोडली," तो म्हणाला. "तुम्ही म्हणजे ना... कमाल आहात." त्याने वाकून बापाच्या खांद्याला हात लावला. पेंटरनी त्या हाताकडे पाहिलं, त्यावर काय करायचं असतं ते आठवत असल्यासारखं, आणि म्हणाले, "जेवून जा." तो थांबला नाही. गाडी होती.

त्यानंतर वहिनी घराबाहेर गेल्या नाहीत. महिन्याभरात त्यांनी उठणंही सोडलं. साडेपाच येतात आणि जातात. त्या खुर्चीत बसून असतात, पदर नीट करत नाहीत. 'बोलावलंय' म्हणत नाहीत. 'वाट सोडा' म्हणत नाहीत. कपडे पुढे ठेवले तर हात त्यावर ठेवून बसतात, शिवण उलटून बघत नाहीत. डॉक्टर म्हणतात, हे आजाराचंच आहे, दाराचा काही संबंध नाही. असेलही. मला डॉक्टरकीतलं कळत नाही.

परवा मी गेले होते. दुपारचे तीनच वाजले होते, पण कापड खाली होतं आणि दिवा लागलेला.

"पेंटर, आता त्या उठतही नाहीत," मी म्हटलं. "कापड काढलं तरी चालेल की. ऊन येऊ दे."

"हं."

"तुम्हाला हवं होतं तसं झालं ना? घरात आहेत."

"आहे," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी बराच विचार केला. डाव्या खांबाबद्दल करायचे तसाच. "काही वाटत नाही, बाई. वाटायला हवं असेल. बघतो मी रोज, काही येतं का. नाही येत."

मी वहिनींच्या गालाला हात लावला. कातडी मऊ, गार. त्यांनी हात झटकला नाही, हसल्याही नाहीत. मी म्हटलं, "वहिनी, येते हं." पेंटर उठले. आधी वहिनींची खुर्ची हलकेच वळवून तिचं तोंड लाल चौकटीकडे केलं. मग एका फडक्याने कडी धरून दार उघडलं, माझा हात लागू नये म्हणून. बिनचमकीच्या रंगावर बोटांचे डाग लगेच उठतात. आल्यागेल्या प्रत्येकाच्या मागे त्यांना ते बुजवावे लागतात.

मी मात्र निघताना, तोल गेला म्हणून, चौकटीवर तळवा टेकवलाच. पाचही बोटं उमटली.

"राहू दे," पेंटर म्हणाले. स्टुलावर पुठ्ठ्याने झाकलेली रंगाची वाटी होती, त्यावर आडवा ठेवलेला बारीक कुंचला. मी जिन्यावर आले तेव्हा त्यांनी वाटीवरचा पुठ्ठा काढला होता. दार लागेपर्यंत मी उभी राहिले. आतून आधी कुंचला वाटीच्या काठावर निथळल्याचा आवाज आला, दोनदा, आणि मग काही नाही.